कान पुढं पळतो, गळा मागं राहतो

वाचक विचारतात, ताई सांगतात

गंधर्वच्या (गांधर्व महाविद्यालयाच्या, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा गाण्या-वाजवण्याच्या) परीक्षा जवळ आल्या की पत्रं वाढतात हे ठरलेलंच. पण यंदा गंमत अशी की परीक्षेबद्दल कुणी फारसं विचारलेलंच नाही. निम्म्या पत्रांत "आता मन लागत नाही हो" एवढंच आहे, कुणी दोन पानं भरून तेच सांगितलंय तर कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत. परभणीत क्लास घेता घेता माझी तीस वर्षं गेली, त्यात मन लागत नाही असं न म्हणलेला विद्यार्थी मला एकच भेटला, आणि तो म्हणायच्या आधीच सोडून गेला.

प्रश्न : ताई, वय ४३. लेकरं मोठी झाली म्हणून दोन वर्षांखाली गाणं शिकायला लागले. प्रवेशिका पूर्ण झाली, फर्स्ट क्लास आला. पहिल्या वर्षी इतकी मजा यायची की भाकरी थापताना पण पलटे (सरगमीचा सराव) म्हणायचे. आता सहा महिन्यांपासून उलटंच होऊ लालंय. माझंच गाणं मला ऐकवत नाही. आधी बरं गात होते अन् शिकून बिघडले असं वाटतं. सोडून द्यावं का? (एक ताई, सेलू)

उत्तर : सोडू नका. बिघडलं तर अजिबात नाहीये, झालंय ते वेगळंच. कान आणि गळा हे दोघं काही एका चालीनं चालत नाहीत. कान नुसता ऐकून तयार होतो, क्लासमध्ये दुसऱ्याचं ऐकलं, रात्री मोबाईलवर किशोरीताई (आमोणकर) लावल्या, की तो आपला शिकत जातो, त्याला घाम गाळावा लागत नाही. गळ्याचं तसं नाही, तिथं स्नायूंना वळण लावायचंय, त्याला महिने लागतात. त्यामुळं दीड-दोन वर्षांनी एक दिवस असा येतो की कान पार पुढं पळालेला असतो आणि गळा अजून वेशीवरच. पहिल्या वर्षी तुमचा गंधार (म्हणजे ग) चढा-उतरा लागत नव्हता असं समजू नका, लागतच होता, फक्त कळत नव्हतं म्हणून भाकरी थापताना मजा येत होती. आता कळतंय. ज्याचा त्रास होतोय तीच तुमची दोन वर्षांची कमाई आहे, पण हे कुणी सांगत नाही आणि नेमक्या याच टप्प्यावर बायका क्लास सोडतात, मी कितीतरी जणी जाताना पाहिल्यात.

माझंही झालंय हे. मध्यमा पूर्णच्या वर्षी मी तंबोऱ्याला खोळ घालून कोपऱ्यात ठेवला तो चार महिने काढलाच नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. एक दिवस घरी आले, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग पिशवीतून एक कॅसेट काढली, दोन वर्षांपूर्वी गुरुपौर्णिमेला मी राग भूप गायले होते त्याची. लावली. दीड मिनिटात मी हात जोडले की बंद करा. आणि त्या दिवशी मला वाटलं होतं की काय गायले मी, लोकांनी टाळ्या पण वाजवल्या होत्या! गुरुजी म्हणले, "उद्या ये", आणि चप्पल घालून गेले.

आता कॅसेटची गरज नाही, मोबाईल आहे. दर महिन्याच्या एक तारखेला एकच गोष्ट रेकॉर्ड करा, दरवेळी तीच, समजा भूपातल्या बंदिशीची स्थायी (पहिला भाग) आणि चार आलाप, आणि ते त्या दिवशी ऐकायचं नाही. तीन महिन्यांनी पहिलं आणि चौथं लागोपाठ ऐका. अजून एक, रेकॉर्डिंगमधला आवाज पातळ आणि परका वाटतो, त्यानं घाबरू नका. आपला आवाज आपल्याला बाहेरून कानात तर येतोच पण डोक्याच्या हाडांमधून पण पोचतो, म्हणून आतून तो जाड, भरीव वाटतो, फोनला ते हाडाचं कुठून मिळणार? तेव्हा आवाज गोड आहे का हे बघूच नका, सूर आणि लय तेवढी बघा.

आणि रियाज पेटीवर करता ना? बहुतेक हो, घरोघरी तेच. पेटी वाईट नाही, पण तिचे सूर सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळं तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पहिल्या वर्षी हे कळत नाही. तुम्हाला आता टोचत असेल आणि कशामुळं टोचतंय ते ध्यानात येत नसेल. (पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, बसत नाहीत असल्या भांडणात आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, ती थेट १९७१ पर्यंत चालली. इतकं टोकाला जायची गरज नव्हती असं मला वाटतं, माझं निम्मं पोट पेटीवरच भरलंय.) तर तंबोऱ्याचं अ‍ॅप घ्या, छोट्या स्पीकरला जोडा, डोळे मिटून षड्जाची, म्हणजे साची, तार ऐकत बसा. त्या तारेच्या आत एक गंधार आपोआप गुणगुणत असतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. स्पीकर अगदीच बारका असला तर कान द्यावा लागेल, पण तो ऐकू येईपर्यंत गायचं नाही, आला की त्याच्यात आपला गंधार हळूच मिसळायचा. मिसळला की तुम्हाला सांगायला कुणी लागणार नाही.

वेळ म्हणाल तर रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून आठवडाभराचं उरकता येत नाही, शिकलेलं झोपेत मुरतं, रोज बसलात तर मुरायला सात रात्री मिळतात आणि रविवारी बसलात तर धड एक.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. चार वर्षांचा होता तेव्हापासून गातो, गणपतीत, शाळेत त्याच्याशिवाय कार्यक्रम होत नाही. दोन महिन्यांपासून आवाज चिरकू लालाय, वरचा सा लागेना. आता क्लासला जायला लाजतो, गायचंच नाही म्हणतो. आवाज गेला का हो त्याचा? (एक आई, जालना)

उत्तर : गेला नाही, मोठा होतोय. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे व्हायला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष, कुणाला त्याहून जास्त. मुलींचा पण बदलतो पण दोन-तीन सुरांचाच, म्हणून कळून येत नाही.

गाणं पूर्ण बंद करू नका. पण जुनी पट्टी सोडा, तिच्यावर हट्ट धरून ओढून गायला लावलं तर घसा दुखावतो. आज जिथं आरामात सा लागतो तिथंच गायचं, हळू आवाजात, मधल्या पाच-सहा सुरांत, दहा मिनिटं, आणि पुढच्या महिन्यात सा अजून खाली सरकला तर सरकू द्यायचा. या काळात त्याला तबला नाहीतर पेटी शिकायला लावा, ताल पक्का होईल. आणि सर्वात मोठं म्हणजे पाहुण्यांसमोर "म्हण रे बाळा" बंद. वर्षभर कुठल्याही स्टेजवर उभं करायचं नाही, त्याला कितीही बक्षिसं मिळालेली असोत. तेरा वर्षांच्या पोराला चारचौघांत आवाज चिरकण्याइतकं वाईट दुसरं काही नसतं, तो लाजतोय ते बरोबरच करतोय.

प्रश्न : ताई, रामकृष्णहरी. वय ५८, औंढ्याजवळ गाव आहे, शेती करतो. गावच्या भजनी मंडळात ३५ वर्षं झाले पेटी वाजवू लालोय. कोणाजवळ शिकलो नाही, बघून बघून. सप्त्यात गायनाचार्य येतेत ते रागाचे नावं घेतेत, मला काहीच समजत नाही, अन् पट्टी बदलली की बोटं अडकतेत. आता बोटं बी कडक झालेत. या वयात शिकणं होईल का उगं पोरासोरांत हसू? अन् वेळ तरी कुठला, सोयाबीन झालं की कापूस, कापूस झाला की हरभरा.

उत्तर : दादा, रामकृष्णहरी. तुमचं पत्र मी क्लासमध्ये वाचून दाखवलं. विशारदला बसलेल्या माझ्या दोन मुली आहेत, त्यांना विचारलं की न बघता, न लिहिता किती चाली येतात, तर दहा-बाराच्या पुढं गाडी जाईना. तुम्हाला काकड्याच्या, हरिपाठाच्या, गौळणीच्या, भारुडाच्या मिळून दोनशे तरी येत असतील. काला होताना भैरवी वाजवता ना? ती वाजवताना कोमल रे, ग, ध, नी तुमची बोटं बरोब्बर धरतात. राग तुम्हाला येतात, नावं येत नाहीत. माणसाला चेहऱ्यानं ओळखतो पण आडनाव माहीत नाही, तसं.

नावाकडं जायची एक सोपी वाट सांगते, कडक बोटांना पण जमेल. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा धरा, मग काळी चार, काळी पाच, मग वरच्या सप्तकातली काळी एक आणि दोन. हा झाला भूप. दहा मिनिटं नुसतं खालीवर करा, दोन-चार ओळखीचे अभंग आपोआप बोटात येतील. दुसऱ्या आठवड्यात पट्ट्या त्याच, पण सा काळी एकवर धरा. झाला दुर्गा. काळी पाचला सा धरला तर मालकंस, काळी चारला मधमाद सारंग, काळी दोनला धानी. पाचच पट्ट्या, पण घर बदललं की नातं बदलतं, तसं सा हलला की सगळ्यांचं नातं बदलतं. याला शास्त्रात मूर्च्छना म्हणतात. गायनाचार्य म्हणतील की नुसत्या पट्ट्या म्हणजे राग नव्हे, चलन (सुरांची ठरलेली चाल) पाहिजे, वादी-संवादी (रागातले मुख्य दोन सूर) पाहिजे, ते खरंच आहे, पण चलन तुमच्या चालींत आधीच बसलेलं आहे म्हणून तुम्हाला हे सांगायची हिंमत करते, नव्या पोराला सांगितलं नसतं.

पट्टी बदलल्यावर अडकता त्याला औषध एकच. रोजच्यातली एक सोपी चाल घ्या, काळी एकवर वाजवता ती पांढरी दोनवर वाजवा, चुकत चुकत, आठवडाभर तीच. मग काळी दोन. एका महिन्यात एक चाल चार पट्ट्यांवर आली की दुसऱ्या चालीला निम्माच वेळ लागतो, हात वाट शिकतो. बोटांचं म्हणाल तर थंडीत पहाटे वाजवायच्या आधी कोमट पाण्यात दोन मिनिटं हात धरा. मुंग्या येत असतील, सकाळी बोटं सुजत असतील तर मात्र डॉक्टरला दाखवा, ते रियाजानं जाणार नाही.

आणि वेळेचं. काकडा कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे बरोब्बर सोयाबीन काढायच्या अन् कापूस वेचायच्या दिवसांत, आणि तुम्ही ३५ वर्षं पहाटे चारला देवळात हजर. मला वेळ नाही म्हणून सांगता होय?

प्रश्न : सरांनी दही, लोणचं, थंड पाणी, चिंच सगळं बंद केलंय. गाण्यासाठी एवढं पथ्य लागतं का? (बीड)

उत्तर : ज्यानं तुमचा घसा धरतो ते तुम्ही बंद करा, सरांचा धरतो ते सरांनी करावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो, दिवसभर घोट घोट पाणी प्या. रात्री तिखट खाऊन लगेच आडवं होऊ नका, पोटातलं आम्ल वर येऊन घसा भाजतं आणि सकाळी आवाज बसलेला असतो, मग खापर दह्यावर फुटतं. सगळ्यात वाईट म्हणजे ओरडणं, डीजेच्या आवाजात गप्पा मारणं पण त्यातच आलं. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, खडीसाखर-ज्येष्ठमधावर काढू नका.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला बीएस्सी करतोय, तबला वाजवतो. जास्त करून यूट्यूबवरून शिकलो. ३२ कायदे (तबल्यावरच्या बांधीव रचना) पाठ आहेत, स्पीड पण चांगला आहे, पण कुणाच्या साथीला बसलो की लय पळते आणि सम (तालाची पहिली मात्रा) चुकते. इन्स्टावर दहा-दहा वर्षांची पोरं काय वाजवतात, ते बघून हात लावावासा वाटत नाही. पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही का?

उत्तर : ३२ कायदे वाचून मला हसू आलं, रागावू नको. ३२ कायदे घेऊन तू साथीला बसतोस आणि साथीला लागतो ठेका! गायकाला तुझ्याकडून धा धिं धिं धा पाहिजे, सोळा मात्रा, प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर, अर्धा तास. ते यूट्यूबवर कुणी टाकत नाही कारण ते बघायला कंटाळवाणं असतं, आणि म्हणूनच तुला येत नाही.

तर आता असं कर. ३२ मधले ३१ बाजूला ठेव. 'धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना' एवढा एकच घे, सगळे घेतात तो. लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून) लाव, लय इतकी कमी ठेव की लाज वाटेल, आणि महिनाभर बघ की 'ति' आणि 'ट' दोन वेगळे, सारख्या वजनाचे ऐकू येतात का. 'धा'चा बायाँ (डावा तबला) घुमतो का नुसता थपकतो. हे स्वच्छ झालं की मग दुप्पट. तोंडानं बोल म्हणत हातानं टाळी-खाली देणं रोज पाच मिनिटं, बसमध्ये, मेसमध्ये, कुठंही. सम चुकते ती हातामुळं नाही, तोंडात ताल बसलेला नाही म्हणून. पंधरा मिनिटं नुसता ठेका, त्यात एकही तुकडा घालायचा नाही, हात शिवशिवला तरी.

रीलचं म्हणशील तर तो तीस सेकंदांचा तुकडा कितव्यांदा जमला ते तुला दिसत नाही. आणि वेगवान ऐकून ऐकून तुझ्या कानाला चौपटीची सवय लागलीय, हात दुपटीतच अडखळतोय, मग हात लावावासा वाटेल कसा? दोन महिने सगळे रील बंद, त्याऐवजी आल्लारखाँसाहेबांचा नाहीतर झाकीरभाईंचा एकच विलंबित (संथ) ठेका घेऊन तो किती शांत आहे ते ऐक.

पुण्याचं मला पटत नाही. जायचं तर जरूर जा, पण शास्त्रीय गायक नाथराव नेरळकर मराठवाड्यातच राहून गायले आणि इथंच शिकवलं त्यांनी. तुला मैफलींपेक्षा माणूस पाहिजे, पंधरा दिवसांतून एकदा तुझा हात बघणारा. मनगट कुठं ताठ होतंय, करंगळी कुठं उचलतेय हे व्हिडिओ तुला सांगत नाही, तू त्याला बघतोस, तो तुला बघत नाही. लातुरात शिकवणारे आहेत, शोध. आणि एखादा प्रारंभिकचा गाणारा पकड, तुझ्याएवढाच कच्चा, आणि आठवड्यातून दोनदा त्याच्या साथीला बस. तो चुकेल, तू सांभाळशील. गावाकडं सप्ता असला की पखवाजवाल्याच्या मागं जाऊन बस, सात दिवस तो माणूस लय कशी धरून ठेवतो ते बघ, फुकटात क्लास आहे तो.

जाता जाता, तबला पत्र्याच्या खोलीत ठेवत असशील तर एप्रिल-मेमध्ये खाली उतरव. उन्हानं पुडी (वरचं कातडं) ताणून सूर चढतो, मग आपण बाजूचे लाकडी गट्टे ठोकून उतरवतो, पावसाळ्यात पुन्हा ढिली पडते, आणि एक दिवस पुडी फाटते.

प्रश्न : ताई, आईच्या आजारपणात गाणं सुटलं, नंतर आई गेली. १४ महिने तंबोरा उघडला नाही. मध्यमा प्रथमपर्यंत झालं होतं. आता बसावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करू कळत नाही, सगळं गेलं असेल. घरात पण कुणाला बरं वाटेल का हा प्रश्न आहे. (नांदेड)

उत्तर : सगळं जात नाही. गळ्याची सवय मोडलीय, कानाची नाही, कान त्या दवाखान्यात पण चालूच होता. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला, हवापालटासाठी ते देवासला जाऊन राहिले, आणि डॉक्टरांनी गाणंच बंद केलं. पाचेक वर्षं. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायांची गाणी, रस्त्यानं जाणारांची भजनं कानावर पडत राहिली, आणि १९५३ च्या सुमारास ते परत मैफलीत आले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं, पूर्वीसारखा लांब दम नाही, म्हणून त्यांनी तसं गाणंच सोडलं आणि छोट्या छोट्या तुकड्यांचं आपलं वेगळं गाणं उभं केलं. मी हे दिलासा म्हणून सांगत नाही, त्यांच्यासारखं कुणाचं होणार? सांगते ते एवढ्यासाठी की त्यांनी पहिल्या दिवशी जुनी तान येते का हे तपासत वेळ घालवला नाही.

तुम्ही पण तपासू नका. जिथं सोडलं तिथून सुरू करायचंच नाही. पहिले आठ दिवस गायचंही नाही, नुसतं ऐकायचं. नांदेडात राहता, मग सकाळी लवकर गुरुद्वाऱ्यात जाऊन बसा. तिथलं शबद कीर्तन रागात असतं, गुरु ग्रंथसाहिब हा ग्रंथच मुळी रागांप्रमाणं लावलेला आहे, ३१ राग, आणि त्यात आपल्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. कुणी तुम्हाला गा म्हणणार नाही, कुणी विचारणार नाही. तासभर बसा, रडू आलं तर येऊ द्या, तिथं कुणी बघत नाही.

नवव्या दिवशी घरी मंद्र (खालच्या) सप्तकात सा. पूर्वी काळी चारला गात असाल तर आता एक-दोन पट्ट्या खाली धरा. असा खर्ज दहा मिनिटं, मग सरळ पलटे, बास. राग तिसऱ्या आठवड्यात, तोही भूप. दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा फार कमी दिवस लागतात, दीड-दोन महिन्यांत तुम्ही होतात तिथं याल.

घरच्यांना विचारत बसू नका. पहाटे दार लावून हळू आवाजात बसा, पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन विचारेल, "आईला आवडायचं ते येतं का अजून?" किंवा नाही विचारणार, दोन्ही चालेल. तंबोरा काढायच्या आधी खोळ मात्र अंगणात झटकून घ्या, चौदा महिन्यांची धूळ असेल, घशात गेली तर पहिलाच दिवस खोकण्यात जायचा.